लहान पोरांना घेऊन गाडीने लांबचा प्रवास : सातारा-सांगलीकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मे महिना आणि दिवाळी जवळ आली की तेच तेच प्रश्न सुरू होतात, व्हॉट्सॲपवर, जिन्यात, बालवाडीच्या गेटवर. आम्ही राहतो सांगलीत, माझं माहेर साताऱ्याचं, नणंद पुण्यात आणि कुलदैवत कोकणात, त्यामुळे पोरांचा निम्मा जन्म मागच्या सीटवर गेलाय म्हटलं तरी चालेल. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. डॉक्टरी बाबतीत तुमच्या बालरोगतज्ज्ञांचा शब्द शेवटचा, माझा नाही.

सांगली ते पुणे, सोबत दोन-तीन वर्षांचं पोर. किती वेळ धरायचा?

अंतर साधारण २३० किलोमीटर. नुसती मोठी माणसं असली की पेठ नाका, कऱ्हाड, सातारा, खंबाटकी करत चार-साडेचार तासात लागतात पुण्याला. पोर असेल तर सहा तास धरा आणि शुक्रवार-रविवार असेल तर त्यात अजून घाला. दर दोन तासांनी थांबायचंच, पोर झोपलेलं नसेल तर त्याआधीही, आणि थांबायचं म्हणजे गाडीतून बाहेर काढून पंधरा-वीस मिनिटं पळू द्यायचं, काच खाली करून वडापाव आत घेतला म्हणजे थांबलो असं होत नाही.

अजून एक, पोचायची वेळ कुणाला सांगू नका. "एक वाजता जेवायलाच येतो" असं सांगून ठेवलं की तिकडे पोळ्या गरम ठेवून माणसं वाट बघत बसतात, साताऱ्यापासून फोन सुरू होतात "कुठं आलाय", आणि मग ड्रायव्हर घाई करतो, पोराला शू लागलेली असते तरी "पुढच्या पंपावर थांबू" होतं. संध्याकाळपर्यंत येतो, आमची वाट बघू नका, जेवून घ्या, एवढंच सांगायचं.

बाळ अगदी लहान आहे, माहेराहून सासरी न्यायचंय. कधीपासून चालतं?

आपल्याकडे बाळाचा पहिला मोठा प्रवास हाच असतो, तिसऱ्या नाहीतर पाचव्या महिन्यात, टोपरं-काजळ सगळं करून. बाळ पूर्ण दिवसांचं आणि तब्येतीने ठीक असेल तर साधारण अडचण नसते, पण कमी दिवसांचं असेल, वजन कमी असेल, श्वासाचा काही त्रास झालेला असेल तर डॉक्टरला विचारल्याशिवाय निघू नका. खरा मुद्दा मानेचा आहे. इतक्या लहान बाळाला मान सावरता येत नाही, बसतं केल्यावर डोकं पुढे पडून हनुवटी छातीला टेकली की श्वासाची वाट दबते आणि ते रडतही नाही, नुसतं गप होतं. म्हणून बाळाची कार सीट, म्हणजे गाडीच्या सीटवर बसवायची पट्ट्यांची वेगळी सीट, मागे कललेली हवी, बाळाशेजारी मागे एक मोठं माणूस हवं, आणि सलग दोन तासांपेक्षा जास्त त्या सीटमध्ये ठेवायचं नाही, पहिल्या एक-दोन महिन्यांत तर त्याहून कमी. बाहेर काढा, सपाट झोपवा, पाजा, ढेकर काढा, मग पुढे.

पाजताना गाडी थांबलेलीच पाहिजे. चालत्या गाडीत बेल्ट सोडून पाजायचं नाही, मग बाळ कितीही रडू दे, पंप किंवा हॉटेल येईपर्यंत पाच-दहा मिनिटं रडेल, काही होत नाही. आणि सहा महिन्यांखालच्या बाळाला उन्हाळा आहे म्हणून वरचं पाणी देत बसू नका, दूध जास्त वेळा द्यायचं.

कार सीट लागतेच का? आमच्या आई तर म्हणतात माझ्या मांडीएवढी सुरक्षित जागा नाही.

सासूबाईंशी भांडून उपयोग नाही, हिशोब सांगा. गाडी ताशी ५० च्या वेगात असताना कशावर आदळली तर दहा किलोचं पोर त्या क्षणी शे-दोनशे किलोच्या पोत्यासारखं पुढे जातं. ते पोतं हाताने धरून दाखवा म्हणावं. मोठा माणूस आणि पोर एकाच बेल्टमध्ये बांधायची आयडिया तर त्याहून वाईट, कारण मग मोठ्या माणसाचं सगळं वजन पोराच्या अंगावर येतं. आणि पुढच्या सीटवर मांडीवर पोर घेऊन बसणं म्हणजे कहर, एअरबॅग फुटते ती पोराच्या तोंडासमोर.

कायद्यातही आहे. २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्तीत १९४ ब कलम आलं, त्याप्रमाणे १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा लहान मुलांच्या सीटशिवाय नेलं तर हजार रुपये दंड. आपल्याकडे तो कुणाला झालेला मी ऐकला नाही, पण दंडासाठी कोण बेल्ट लावतं.

आमच्या घरी यावर चर्चा होत नाही. पोर सीटमध्ये, नाहीतर गाडी सुरू होत नाही. बाकी सगळ्याला, म्हणजे मोबाईल, कुरकुरे, बसल्या जागी दंगा, सगळ्याला तडजोड आहे.

मग कुठली सीट घ्यायची आणि किती वर्षांपर्यंत?

वयापेक्षा वजन आणि उंची बघा, सीटच्या लेबलवर लिहिलेलं असतं. सुरुवातीला मागे तोंड करून बसायची, म्हणजे पोराचं तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे. लोक वर्ष झालं की लगेच पुढे वळवतात, घाई नका करू, सीटवर दिलेल्या मर्यादेपर्यंत उलटंच बसवा कारण लहान पोराचं डोकं जड आणि मान कच्ची असते, उलटं बसवलं की धक्का पाठीवर पसरतो. पाय दुमडले जातात म्हणून काळजी करतात लोक, पोरं मस्त मांडी घालून बसतात. त्यानंतर पुढे तोंड करून पाच ठिकाणी बांधणाऱ्या पट्ट्यांची सीट, आणि मग बूस्टर, म्हणजे गाडीचा बेल्ट नीट बसावा म्हणून पोराला उंच बसवणारी बैठक, ते साधारण १४५ सेंटीमीटर उंची होईपर्यंत. गाडीचा बेल्ट खांद्यावरून आणि मांडीच्या वरच्या हाडावरून जायला हवा, मानेवरून आणि पोटावरून जात असेल तर बूस्टर अजून लागतोय.

ही सीट कायम मागे लावायची. मागे तोंड केलेली सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर कधीच नाही.

गेल्या काही वर्षांतल्या बऱ्याच गाड्यांना मागे आयसोफिक्सच्या, म्हणजे कार सीट थेट अडकवायच्या, कड्या असतात, सीटची पाठ आणि बैठक मिळते तिथे बोटं घालून बघा. नसतील तर बेल्टने बसणारी सीट घ्या, तीही चांगलीच. बसवल्यावर खालच्या बाजूला धरून हलवा, इंचभरापेक्षा जास्त हलली तर पुन्हा बसवा. पट्टी खांद्यावर चिमटीत धरता येत असेल तर ती सैल आहे. आणि महाबळेश्वरला जाताना जाडजूड जॅकेट घालून वरून पट्ट्या लावतात, तसं नको, जॅकेट दबतं आणि पट्टी सैल राहते, आधी पट्ट्या लावा आणि वरून शाल टाका.

जुनी घ्यायची तर ओळखीच्या माणसाकडूनच. अपघातातून गेलेली सीट दिसायला चांगली असली तरी आतून गेलेली असू शकते.

सीटमध्ये बसतच नाही, कमान करून रडतं. काय करायचं?

प्रवासाच्या दिवशी पहिल्यांदा बसवलं तर रडणारच की. सीट आठवडाभर आधी घरात हॉलमध्ये ठेवा, त्यात बसून टीव्ही बघू दे, खेळू दे. मग गाडीत लावून गणपती मंदिरापर्यंत, भाजी आणायला, असं जवळ जवळ न्या. निघताना पोट भरलेलं आणि डायपर कोरडं आहे का बघा, पट्टी कुठं टोचत नाही ना बघा, उन्हात गाडी उभी असेल तर बेल्टचं बक्कल हात लावून बघा, चटका बसतो.

आणि एकदा "बरं ये मांडीवर" केलं की संपलं, पुढच्या वेळी दुप्पट रडणार. आजोबांना हे आधी समजावून ठेवा, पोरापेक्षा तेच लवकर वितळतात.

निघायचं कधी? पहाटे चारला की दुपारी?

पहाटेचे भक्त खूप आहेत, पोरं झोपेत उचलून गाडीत टाकायची आणि ती उठेपर्यंत निम्मा रस्ता. ऐकायला छान आहे. पण गाडी चालवणारा रात्री बारापर्यंत बॅगा भरत होता आणि तीनला उठलाय, त्याचं काय? पहाटे दोन ते सहा ही झोप अनावर होणारी वेळ. म्हणून माझं मत, सगळे नीट झोपून सहा-साडेसहाला निघा. दुपारी झोपणारं पोर असेल तर जेवण करून एक वाजता निघणं पण चांगलं, दोन तास शांत जातात.

गळीत हंगामात, म्हणजे दिवाळीच्या आसपास सुरू होऊन मार्चपर्यंत, अंधारात प्रवास शक्यतो टाळाच. ऊसाच्या ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना लाईट ना रिफ्लेक्टर, त्यात ऊस बाहेर लोंबतोय. सांगली-पेठ रस्ता, कऱ्हाडच्या आजूबाजूचा पट्टा, सगळीकडे. पोरं मागे असताना अचानक ब्रेक मारायची वेळ येऊ नये एवढंच.

रविवारी संध्याकाळी पुण्याकडे जाऊ नका. शुक्रवारी संध्याकाळी पुण्यातून निघू नका. खंबाटकीत गर्दी आणि खेड-शिवापूर टोलला रांग, आणि गाडी उभी राहिली की पोरं सुरू होतात, चालती गाडी त्यांना झोपवते.

गाडी लागते. वाईच्या पुढच्या पसरणी घाटात हमखास उलटी.

हा सगळ्यात जास्त येणारा प्रश्न. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण हलतोय, वळतोय, आणि डोळे समोरची सीट किंवा मोबाईल बघत असतात ते म्हणतात सगळं स्थिर आहे, या गोंधळात मळमळायला लागतं. दोन वर्षांखालच्या पोरांना सहसा लागत नाही, तिथून बारापर्यंत जास्त, पुढे बऱ्याच जणांचं आपोआप कमी होतं.

उपाय म्हणाल तर, घाट सुरू व्हायच्या आधी मोबाईल आणि चित्रांचं पुस्तक बंद. वाईत पोचलात की पोराला उठवत बसू नका, झोपलेलं असेल तर फारच उत्तम. जागं असेल तर मागच्या मधल्या सीटवर, जिथून समोरचा रस्ता दिसतो, बूस्टर तिथे बसत असेल आणि तिथे खांद्यावरून येणारा बेल्ट असेल तरच हां. लांबचा डोंगर बघायला सांगा. काच थोडी खाली. गाडीतला तो उग्र वासाचा परफ्युम काढून डिकीत टाका, निम्मी उलटी त्यानेच होते असं माझं ठाम मत आहे. रिकामं पोटही नको आणि मिसळ खाऊन पण नको, निघायच्या तासभर आधी साधी इडली, पोळी-गूळ, केळं असं काहीतरी. लिंबू हुंगून काहींना बरं वाटतं, हुंगू द्या. पोटाला कागद बांधण्याने काही होतं असं मला वाटत नाही, पण आजीला बांधायचा असेल तर बांधू दे, अपाय नाही.

आणि ड्रायव्हरला सांगा वळणावर रेस-ब्रेक, रेस-ब्रेक करू नको. हे नवऱ्याला सांगणं अवघड असतं पण सांगा.

औषध डॉक्टरला विचारूनच, आणि घाटाच्या पायथ्याशी देऊन काही फायदा नाही, निघायच्या अर्धा-एक तास आधी द्यावं लागतं. प्रोमेथाझिनवाली गोळी मोठ्यांची असते घरात, ती दोन वर्षांखालच्या पोराला अजिबात द्यायची नाही, श्वासावर परिणाम होतो. पोट बिघडल्यावर देतात ते ऑन्डानसेट्रॉनचं सिरप गाडी लागण्यावर फारसं चालत नाही. आणि "जरा शांत झोपेल" म्हणून सर्दीचं औषध पाजणारे लोक आहेत, कृपा करा, नका करू.

उलटीची तयारी : पिशव्या हाताशी, डिकीत नाही. एक जुना टॉवेल सीटवर, ओले वाइप्स, पोराचा एक जोड कपडे आणि तुमचा एक टॉप पण, कारण उलटी पोराच्या अंगावर कमी आणि आईच्या अंगावर जास्त होते.

खायला काय न्यायचं?

दशम्या, मेथीचे मऊ धपाटे, इडली, केळी, उकडलेला बटाटा, राजगिऱ्याचा लाडू, थर्मासमध्ये मऊ वरण-भात. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध नको, चाटायला पण नको.

आता आपल्या भागाचा खास प्रश्न. सांगलीहून निघताना गाडीत भडंग असतेच आणि सिझनला तासगावची द्राक्षं. दोन्ही लहान पोराला चालत्या गाडीत धोक्याचे. भडंगातला शेंगदाणा आणि अख्खं द्राक्ष घशात अडकण्यात एक नंबर, त्यात एखादा खड्डा आला की संपलं, आणि तुम्ही पुढे बसलेले, मागे काय झालं कळायलाच वेळ जातो. पाच वर्षांखाली द्राक्ष उभं चिरून द्यायचं, चार तुकडे, आणि शेंगदाणे, फुटाणे, पॉपकॉर्न, गोळ्या नकोच. खाणं शक्यतो गाडी थांबवून. चालत्या गाडीत मऊ, हातात धरून चावता येईल असंच.

पाणी प्लास्टिकच्या हलक्या बाटलीतून. स्टीलच्या जड बाटल्या, डबे मागच्या काचेखाली ठेवू नका, ब्रेक मारल्यावर ते सुटतात ते थेट डोक्यावर.

रस्त्यात शी-शू?

निघताना एकदा, लागली नसली तरी. दीड-दोन तासांनी पंप किंवा बरं हॉटेल बघून पुन्हा. पंपावरचं टॉयलेट आणि पिण्याचं पाणी फुकट द्यावं लागतं, तेल भरायची अट नाही, त्यामुळे लाजू नका. टॉयलेटला कुलूप असेल तर चावी मागा, सहसा देतात, पोर कडेवर असलं की जास्तच लवकर देतात. स्वच्छतेची खात्री नाही, म्हणून आम्ही छोटी पॉटी डिकीतच ठेवतो, आत पिशवी लावायची, गाठ मारून कचऱ्यात. डायपर सुटलेलं पोर असलं तरी लांबच्या प्रवासाला घाला, कुणी काही म्हणत नाही.

हायवेच्या कडेला पांढऱ्या पट्टीबाहेर गाडी लावून पोराला उभं करू नका. आणि कुठंही थांबलात तरी पोर डाव्या दारानेच उतरवायचं.

ऊन एकाच बाजूने लागतं, काळी फिल्म लावली तर?

नको. २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने काचेवरच्या काळ्या फिल्मना मनाई केली, पोलीस थांबवतात. बसायची बाजू बदला की. सातारा-पुणे रस्ता ढोबळमानाने उत्तरेला जातो, म्हणजे सकाळी ऊन उजवीकडून आणि दुपारी डावीकडून. पुण्याला सकाळी निघालात तर पोर डावीकडे बसवा, उतरवायलाही तीच बाजू बरी. परतीला उलटं. एसी पोराच्या तोंडावर सोडू नका, आणि उन्हात तापलेली गाडी आधी दोन मिनिटं दारं उघडून गार करा. चाइल्ड लॉक आणि काचांचं लॉक दोन्ही चालू आहे ना ते निघताना बघा.

पोर झोपलंय, आम्ही दोन मिनिटं पेढे घेऊन येतो, चालेल ना?

नाही. काच थोडी उघडी ठेवून पण नाही, सावलीत पण नाही. बंद गाडीत दहा मिनिटांत दहा डिग्रीच्या आसपास तापमान चढतं आणि लहान पोराचं अंग मोठ्यांपेक्षा कितीतरी लवकर तापतं. एकाने जायचं, एकाने थांबायचं. एकटेच असाल तर पोर उचला, उठलं तर उठलं.

टाइमपास? मोबाईल द्यायचा का?

सरळ रस्त्याला द्या थोडा, अपराधी वाटून घेऊ नका. घाटात नाही.

त्याआधी नंबरप्लेटचा खेळ खेळा, चार-पाच वर्षांची पोरं पण शिकतात. एमएच ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १३ सोलापूर, ५० कऱ्हाड, आणि केए दिसली की कर्नाटक. आपल्या गावची पहिली गाडी कोण बघतो. थोड्या मोठ्यांना नद्या मोजायला लावा, पुण्याहून खाली येताना शिरवळला नीरा, भुईंजला कृष्णा, साताऱ्याजवळ वेण्णा, मग उरमोडी, उंब्रजला तारळी, कऱ्हाडला कोयना, आणि कोल्हापूरकडे जाणार असाल तर पुढे वारणा आणि पंचगंगा. कृष्णामाई आली की हात जोडायचे हे आमच्याकडे पोरं स्वतःहून करतात. मग चंदन-वंदन कुठला, अजिंक्यतारा कुठून दिसतो, यात सातारा कधी मागे पडतं कळत नाही.

दोघं भांडत असतील तर मध्ये बॅग नाहीतर मोठं माणूस. दुसरा उपाय नाही.

कोकणात जायचंय, कुठला घाट पोरांना बरा?

साताऱ्या-कऱ्हाडकडून चिपळूणला कुंभार्ली, सांगलीहून रत्नागिरी-गणपतीपुळ्याला कोल्हापूरवरून आंबा घाट, सावंतवाडीला आंबोली. वळणं सगळीकडेच आहेत, घाट निवडण्यापेक्षा वेळ निवडा. दिवसाउजेडी, घाटाच्या आधी थांबून, आणि जोराच्या पावसात दरडीची बातमी बघून. उतरताना हवेचा दाब बदलून कान दडतात, बाळं अचानक किंचाळतात ती यामुळेच. मोठ्यांना घोट घोट पाणी, बाळ असेल तर उतार सुरू झाल्यावर एखादी सुरक्षित जागा बघून थांबा आणि पाजा. सर्दीने नाक गच्च असेल, कान दुखत असेल तर घाटाचा बेत पुढे ढकला.

औषधांच्या पिशवीत काय?

थर्मामीटर, तुमच्या डॉक्टरने वजनाप्रमाणे लिहून दिलेलं पॅरासिटामॉल आणि त्याचा डोस कागदावर, ओआरएस, बँडेज, नेहमीचं काही औषध चालू असेल तर ते दोन दिवस जास्तीचं. ओआरएसचं पाकीट किती पाण्यात ते पाकिटावर वाचा, कुठलं एक लिटरचं असतं, कुठलं २०० मिलीचं, अंदाजाने घालू नका.

हायवेला गाडी बंद पडली तर?

पार्किंग लाईट लावा, गाडी जमेल तितकी डावीकडे, पोरांना डाव्या दाराने उतरवून कठड्याच्या पलीकडे रस्त्यापासून लांब न्या. गाडीत बसवून ठेवू नका आणि गाडीच्या मागे उभं राहू नका. राष्ट्रीय महामार्गाची मदत १०३३, ॲम्ब्युलन्स १०८, बाकी कशालाही ११२. हे नंबर फोनमध्ये सेव्ह असू देत, आणि फोन चार्ज असू दे, कारण तो तोपर्यंत पोराने कार्टून बघून संपवलेला असतो.

भाड्याची गाडी आहे, त्यात सीट कुठून आणायची?

आपलीच न्यायची, बेल्टने बसणारी बहुतेक गाड्यांत बसते. बुक करतानाच विचारा मागच्या सीटचे बेल्ट चालू आहेत का. बऱ्याच ठिकाणी ते सीट कव्हरच्या खाली गाडलेले असतात आणि ड्रायव्हर म्हणतो "मागं कोण लावतंय ताई". तेव्हा कव्हर उचलायला लावा, बक्कल वर काढून घ्या, खटका बसतोय का बघा, मगच बॅगा ठेवा.